हाताखालचा परिसर

महाराष्ट्रात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असत आलेलं आहे. रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचं, बीडच्या मुलाला बीडचं. नद्या, पिकं, तालुके, जत्रा, सगळं ज्याच्या त्याच्या जिल्ह्याचं. पण त्याच वर्गात चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की हा वेगळेपणा पुसला जातो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट झोपडीच्या दाराशी येणारी नदी, एक नारळाचं झाड. गेवराईच्या मुलाच्या चित्रातही नारळच. आणि रोज संध्याकाळी समुद्रात सूर्य बुडताना पाहणारं गुहागरचं पोरही कागदावर तो दोन डोंगरांच्या बेचक्यातच बसवतं.

यात मुलांचं काही चुकत नाही. हे चित्र त्यांनी पाहून काढलेलं नसतं, गिरवलेलं असतं. मोठ्या भावाने वहीत तेच काढलं, शेजारच्या ताईने तेच काढलं, आणि खरं सांगायचं तर बाईंनी आणि गुरुजींनीही लहानपणी तेच काढलं. हात सवयीने चालत राहतो, डोळ्यांना काम उरत नाही, आणि रंग रेघेबाहेर गेला नाही तर 'छान' असा शेराही मिळतो. प्राथमिक शाळेत ठसेकाम मन लावून शिकवावं असं मला वाटतं त्याचं पहिलं कारण हे आहे. ठशाची सुरुवात कोऱ्या कागदापासून होत नाही. आधी हातात काहीतरी असावं लागतं: पान, चिरा, काथ्याची दोरी, जाळ्याचा तुकडा. ते आणायला वर्गाबाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडलं की तसले त्रिकोणी डोंगर काही भेटत नाहीत.

या पुस्तिकेतले पाठ कोकणातल्या, त्यातही राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरच्या, शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत अशीच अपेक्षा आहे. सोलापूरला जांभा आणायचा कुठून? तिथे चादरीची वीण आहे, मागाचे भाग आहेत, शेतातल्या भेगाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं आहेत. मुंबईच्या शाळेतल्या मुलांना तर पायाखालीच पाहायचंय. मॅनहोलच्या लोखंडी झाकणावर उठावाची नक्षी असते, अक्षरं असतात, कधी सालही असतं. पेव्हर ब्लॉकच्या खाचा, खिडकीचं ग्रिल, जुन्या चाळीच्या जिन्याची झिजलेली पायरी असते. परिसर म्हणजे झाडंझुडपंच, हा समज आपल्या पाठ्यपुस्तकांनी उगाच रुजवलेला आहे.

ठसेकाम शाळांना नवं नाही. भेंडी कापायची, रंगात बुडवायची, कागदावर उठवायची, की फूल तयार. कारल्याची चकती, कांद्याची वर्तुळं, बोटांचे ठसे. एखाद्या दिवशी करायला काही हरकत नाही, मुलं खूश होतात. पण भेंडीचं फूल भेंडीनेच काढलेलं असतं, मुलाला त्यात ठरवायला काही उरत नाही, आणि भेंडी मालगुंडची असो की मालेगावची, फूल पाच पाकळ्यांचंच उमटतं. वर्षानुवर्षं आपण तेवढ्यावरच थांबलो याची मला खंत वाटते. एरवी मुलं घरून किती काय पाहून आलेली असतात! गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आत उमटवलेली पावलं, मोदकाचा साचा, विदर्भ-मराठवाड्यात पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवलेले गेरूचे ठसे. दाबलं की उमटतं, आणि उमटलेलं पुन्हा पुन्हा उमटवता येतं, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. तिथून पुढे न्यायचं एवढंच शाळेचं काम.

पहिला पाठ नाण्याचा आहे. रुपयाचं नाणं कागदाखाली ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवण्याचा उद्योग प्रत्येक मुलाने, शक्यतो गणिताच्या तासाला, केलेला असतो. तोच उद्योग शाळेच्या जांभ्याच्या भिंतीवर न्यायचा. जाणकार म्हणतील, ही घासून घेतलेली प्रत आहे, छपाईत ती मोडत नाही. मोडत नसेलही. पण आठ वर्षांच्या मुलाला खडबडीतपणा कागदावर येतो हे कळायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. पातळ कागद दोघांनी भिंतीवर ताणून धरायचा, तिसऱ्याने तेलखडूचं वेष्टण काढून खडू आडवा धरायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. जोर लावला की कागद फाटतो, कारण जांभा भोकाभोकांचा असतो.

आता या चिऱ्यांकडे थोडं बारकाईनं पाहू. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. म्हणून तो ताजा असतानाच घडवतात. शाळेच्या जुन्या इमारतीचा चिरा हाताने तासलेला असतो. त्यावर हत्याराच्या तिरक्या, कमी-अधिक खोल खुणा असतात, एकीसारखी दुसरी नाही. बाजूला अलीकडे बांधलेल्या कंपाउंडचा चिरा यंत्राने कापलेला, त्यावर पात्याच्या बारीक सारख्या रेघा. दोन्ही भिंतींच्या प्रती शेजारी शेजारी लावल्या की मुलं स्वतःच विचारायला लागतात. ही भिंत कुणी बांधली? या रेघा वाकड्या का? एखाद्याचे आजोबा चिरेखाणीवर कामाला होते असं निघतं, मग ते शाळेत येऊन चिरा कसा काढायचे ते सांगतात. इतिहासाचा असा तास पुस्तकातून काढायचा म्हटला तर मारूनमुटकूनही निघत नाही. रोज दप्तर टेकवायच्या भिंतीला दोन वयं आहेत, हे त्या भिंतीला कागद लावेपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

पानांचा पाठ बहुतेक शिक्षकांनी केलेला असतो, आणि बहुतेकांनी उलटा केलेला असतो. रंग पानाच्या वरच्या, चकचकीत बाजूला लावला की कागदावर एक डाग उमटतो. शिरा उठावदार असतात त्या खालच्या बाजूला. रंग तिथे लावायचा. सागाचं खरखरीत पान झकास उमटतं, आंब्याचं गुळगुळीत पान फिकं. कोवळं सागपान तळहातावर चोळलं की हात लाल होतो हे कोकणातल्या मुलांना सांगावं लागत नाही, ती शिक्षकांनाच सांगतात. पान अगदी ताजं असलं तर त्यातलं पाणी रंगात उतरतं, म्हणून रात्रभर वर्तमानपत्रात दाबून ठेवावं. दापोलीच्या बाजूच्या किंवा हर्णै बंदराजवळच्या शाळांत कुणी मासाही छापायला घेईल. जपानमध्ये कोळ्यांनी आपली मासळी शाईने कागदावर उठवून ठेवायची ही जुनी पद्धत आहे, आणि मोठ्या खवल्यांच्या तांबोशाचा ठसा खरोखर देखणा येतो. वर्गात काही घरची मुलं नाक मुरडतील, ते गृहीत धरावं. रंग लावलेला मासा मात्र पुन्हा कालवणात जाता कामा नये, हे स्वयंपाकाच्या मावशींना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इथपर्यंत वस्तूच काम करत होती. पुढची पायरी मुलाने स्वतः ठसा बनवण्याची, आणि या पुस्तिकेचा गाभा तिथे आहे. परदेशी पुस्तकांत यासाठी थर्मोकोलची ताटली घ्यायला सांगतात. आपल्याकडे २०१८ साली त्या ताटल्यांवर बंदी आली, ते एका अर्थी बरंच झालं. पुठ्ठ्यावर पुठ्ठ्याचे तुकडे, सुतळी, गोणपाट, जुन्या हवाई चपलेच्या तळातून कात्रीने कापलेले आकार फेव्हिकॉलने चिकटवायचे. वाळले की त्यावर रंग लावून छापायचं. दुसरी रीत स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या फोमच्या शीटची. रिकाम्या बॉलपेनने तिच्यावर दाबून रेघ काढली की ती खोलगट होते, तिथे रंग लागत नाही आणि छापल्यावर ती पांढरी राहते.

ही पांढरी रेघ मुलांना सुरुवातीला गोंधळात टाकते. पेन्सिलीने काढलेलं काळं दिसतं, इथे काढलेलं नाहीसं होतं. शिवाय सगळं काही काढता येत नाही. हाताएवढ्या तुकड्यात शाळेची वाट बसवायची तर वाटेवरचं काय ठेवायचं? वडाचा पार, विहीर, सातेरीचं देऊळ, कुत्रं नेहमी अंगावर येतं ते घर? रंगपेटीने काढलेल्या चित्रात मूल हे सगळं भरत जातं, जागा संपेपर्यंत. ठशात तीन-चार गोष्टी झाल्या की पुठ्ठा भरला. मग एक मुलगी फक्त विहीर ठेवते, कारण उन्हाळ्यात तिला तिथेच उभं राहावं लागतं. दुसरा कुत्र्याचं घर ठेवतो आणि देऊळ गाळतो. शिक्षकांनी 'अरे, देऊळ राहिलं' म्हणून ते घालायला लावू नये, ही या पाठाची एकच अट. कुठल्या मुलाचं गाव कशाकशाचं बनलेलं आहे ते शिक्षकांना कळण्याची ही वेळ असते, आणि नेमकी तीच आपण दुरुस्त्या करण्यात घालवतो.

छापल्यावर दुसरा गोंधळ. सगळं उलटं येतं. नाव लिहिलेलं असेल तर ते वाचता येत नाही. देवनागरीत एखादा 'ठ' सोडला तर आरशात सारखं दिसणारं अक्षर शोधावंच लागतं. पण खरी मजा नकाशात येते. किनाऱ्यावरच्या शाळेत मुलं समुद्र डावीकडे काढतात, सह्याद्री उजवीकडे. कागद उचलला की कुणीतरी ओरडतंच, "बाई, समुद्र घाटावर गेला!" पूर्व-पश्चिम शिकवायला याहून चांगली संधी नाही. उपायही सोपा आहे: चित्र आधी पातळ कागदावर काढायचं, कागद पालथा करून त्याच्यावरून रेघ दाबायची. पण पहिल्या वेळी हा उपाय सांगू नये. समुद्र एकदा घाटावर जाऊ द्यावा.

मुलांच्या ठशांची आणि त्यांच्या गावाची सांगड घालणारे शिक्षक जगात बरेच झाले. त्यांपैकी एकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. सेलेस्तँ फ्रेने हा फ्रेंच शिक्षक पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतला. फार वेळ मोठ्याने बोलणं त्याला झेपत नसे. दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातल्या बार-सुर-लू या गावी त्याला नोकरी मिळाली. व्याख्यान देता येत नाही म्हणून तो मुलांना घेऊन गावात फिरायला जाई. विणकर, लोहार, सुतार काय करतात ते मुलं बघत, परत येऊन त्याबद्दल लिहीत. १९२४च्या सुमारास त्याने वर्गात एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलांनी आपल्याच मजकुराचे खिळे जुळवले, तो छापला. फ्रेनेच्या पद्धतीच्या शाळांतून पुढे लिनोच्या ठशांनी चित्रंही छापली जाऊ लागली. आणि फ्रेनेच्या मुलांनी आपली छापील पानं शेकडो मैल दूर, ब्रिटनीतल्या त्रेगँकच्या शाळेला पाठवली. तिकडची मुलं अटलांटिकच्या काठची. संत्र्यांच्या झाडांचं गाव आणि समुद्रकाठचं गाव पोस्टाने एकमेकांना ओळखू लागलं. आपलं गाव दुसऱ्याला सांगायचं असलं की ते जास्त नीट पाहावं लागतं, हे फ्रेनेच्या मुलांना त्या पानांनी शिकवलं.

आपल्या घरातही असे लोक होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीची महागडी साधनं पाड्यांवर परवडणार नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, दगड, पानं यांची साधनं केली. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली. ठसेकामाच्या कुठल्याही पाठाइतकंच हे मला जवळचं वाटतं, कारण हाताशी आहे ते कमी दर्जाचं आहे असं ताराबाईंनी कधी मानलं नाही. आणि ठशाचं चित्र मुलांच्या पुस्तकात किती ताकदीचं होऊ शकतं हे पाहायचं असेल तर रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ'ची पानं उलटावीत. १९३०च्या त्या बंगाली बालपोथीत नंदलाल बोस यांची लिनोची चित्रं आहेत, काळी-पांढरी. आपल्या आजच्या पुस्तकांतली गुळगुळीत रंगीत चित्रं त्यांच्यापुढे फिकी पडतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सड्यावरच्या शाळांना एक जादा गोष्ट लाभली आहे, ती म्हणजे सड्याच्या कातळात खोदलेली कातळशिल्पं. कशेळी, बारसू, उक्षी, रुंढे तळी, देवाचे गोठणे अशा ठिकाणची शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, आणि जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. ज्यांनी ही चित्रं खोदली त्यांनी फोमच्या शीटवर मुलं करतात तेच केलं: पृष्ठभाग खोलगट करून रेघ आणली. म्हणून या पाठाआधी किंवा नंतर तिथे मुलांना न्यावंच. मात्र शिल्पावर कागद ठेवून घासायचं नाही, रेघांत खडू किंवा रांगोळी भरायची नाही, चपला घालून वर चढायचं नाही. फोटोसाठी खडूने रेघा भरण्याची हौस मोठी माणसंही करतात. मुलांसमोर तरी करू नये. दोरी टाकून लांबी-रुंदी मोजावी, ती शिल्पाच्या बाहेर. शाळेत परत येऊन मैदानावर त्या मापाचा हत्ती चुन्याने आखावा आणि मग आपापल्या लहान तुकड्यावर आपापला प्राणी. बैल, मांजर, कोंबडा, आणि कोकण आहे म्हणजे एखादा बिबट्याही येणारच.

'आपलं गाव' हे शब्द वर्गात वापरताना मात्र जरा सांभाळून. कोकणातल्या वर्गात हल्ली बागांची राखण करायला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं बसतात. तिकडे बीडच्या शाळेतलं मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं आणि पाच-सहा महिने त्याचं घर म्हणजे कारखान्याच्या वाटेवरची कोप असते. अशा मुलाला 'तुझ्या गावाचा ठसा कर' म्हणायचं, तर कुठल्या? उत्तर त्यालाच देऊ द्यावं. उसाच्या कांड्याचा आडवा छेद अतिशय सुरेख उमटतो. बैलगाडीच्या चाकाची धाव, कोपीच्या पाचटाची वीण, हे सगळं त्याच्या परिसरातलं आहे, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे ते नाही. मुळं कुठे आहेत यावर मुलांची प्रतवारी लावायची असेल तर हा विषय न शिकवलेलाच बरा. पाय आज कुठे उभे आहेत एवढं पुरेसं आहे.

आता थोडं सामानाबद्दल. छापखान्याची शाई सुंदर उमटते पण धुवायला रॉकेल किंवा टर्पेंटाइन लागतं. तीस पोरांच्या वर्गात ते नको. पोस्टर कलरमध्ये थोडी शिजवलेली मैद्याची खळ आणि ग्लिसरीनचे चार थेंब घातले की रंग दाट होतो आणि चटकन वाळत नाही. रंग ब्रशने फासायचा नाही, स्पंजच्या किंवा चिंधीच्या बोळ्याने टिपून लावायचा. दाबायला वाटीचा तळ उत्तम. हवेचं भान ठेवावं: श्रावणात कोकणात रंग वाळतच नाही, सुतळीवर टांगलेल्या छापांना दोन दिवसांत बुरशी दिसू लागते, चैत्रात नागपूरला ठशावरचा रंग कागदाला लागायच्या आत वाळून जातो. तिथे सकाळची शाळा असते, पहिल्या तासालाच उरकून घ्यावं. लिनो कापायची धारदार हत्यारं प्राथमिकच्या मुलांना देऊ नयेत या मतावर मी ठाम आहे, कुणी कितीही कौशल्यविकासाचं नाव घेतलं तरी. खिळा, बॉलपेन, कात्री, एवढ्यात खूप होतं.

ठशाचा एक फायदा हातातून निसटू देऊ नये: प्रती निघतात. एक मुलाने घरी न्यावी, एक वर्गाच्या भिंतीवर, एक शाळेच्या फायलीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला बघता येते. आणि एक दुसऱ्या शाळेसाठी. शेजारच्या केंद्रातली नको, लांबची शोधावी. राजापूरची पानं भोकरदनला जावीत, तिकडून कापसाच्या बोंडाचे आणि कडब्याच्या पेंढीचे ठसे इकडे यावेत. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून हे होत नाही, कागदाच्या मागे उमटलेला दाब फोटोत दिसत नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून, वर प्लॅस्टिक गुंडाळून पाठवावं. पाकिटावर 'वाकवू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी पोस्टात ते वाकतंच.